पालथ्या डोंग्याचं माप

सावरघाट
९ जुलै २०२५

मंजूताई,

पोहोचलो. एक दिवस उशिरा, पण त्यात माझी चूक कमी अन् ट्रकची जास्त. उकव्यात बस थांबली तं समोर एका मोठ्या ट्रकचं चाक काढून राह्यले होते. चाक माझ्याएवढं. पाहायले उतरलो. चाक निघालं तेव्हा बस निघून गेलती, अन् माझी बोरी बसमध्येच. दुसऱ्या दिवशी इथं उतरलो तं बोरी मोहाच्या झाडाखाली ठेवलेली. बैहर लाइनचा कंडक्टर प्रेमलाल, त्यानं उतरवली. म्हणे, "काय मुडदा भरला काय बे यात? दोन माणसं लागली उचलायले." तवापासून आमची दोस्ती. हे पत्रही तोच आणून देईन. डाकेपेक्षा बस बरी.

फोनवर काहून नाही बोलत म्हणशीन, तं माझा मोबाईल तलावात गेला. वाकून पाणी पाहत होतो, खिशातून गेला. मावसाजी म्हणे, "आता मासळी फोन लावन तुले." त्यांच्या फोनची बॅटरी तं उन्हाळ्यातच फुगली, तुले माहीत आहे. हिंदीत लिहिणार होतो, पण शेवंतामावशीले वाचून दाखवलं तं म्हणे, सरकारी कागदासारखं वाटते. म्हणून मराठीत. चुका झाल्या तं समजून घेजो, मी दहावीत दोनदा बसलेला माणूस हाव.

आता तुझं काम. तू सांगितलं होतं, आठ दिवसांत सामान बांध, मासेमारीचा डोंगा गावच्या पुनारामले देऊन टाक, अन् तुझ्या आईबाबाले तुमच्या भरवेलीच्या क्वार्टरमध्ये घेऊन ये. लक्षात आहे. मावसाजीचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही, टोपी डाव्या हातानं घालतात. वल्हं मारायचं तं नावच नको. समितीचा नियम तुले माहीतच आहे. पंधरा ऑगस्टले मासेमारीची बंदी संपते, सोळाले सकाळी समितीवाले काठावर येतात. ज्याचा डोंगा त्या दिवशी पाण्यात, त्याचं नाव वर्षभर यादीत. नाही गेला तं नाव कटलं, मग या तलावात जाळं टाकता येत नाही. पुनाराम रोज येऊन डोंग्यावर हात फिरवून जाते. जशी म्हैस घ्यायची आहे.

मावसाजी डोंग्याजवळ बसून राहतात. सामान बांधणं चालू आहे.

तुझा
पियुष


भरवेली
१३ जुलै

पियुष,

तुझं पत्र प्रेमलालनं दिलं, अन् चहा पिऊन गेला. "सामान बांधणं चालू आहे" या चार शब्दांवर माझा भरोसा नाही. कोणतं सामान बांधलं, ते लिहून पाठव. भांडी, गोदड्या, आईची पेटी, एकेक लिही.

अन् बोरीत काय आहे? एवढं मोठं पत्र लिहिलं, ट्रकचं चाक लिहिलं, पण बोरीच्या आत काय, त्याबद्दल एक अक्षर नाही. मी तुले लहानपणापासून ओळखते.

इकडची खोली झाडूनपुसून तयार आहे. आईसाठी खिडकीजवळ खाट टाकली. आईले मी चार वेळा विचारलं, चारही वेळा हौ म्हणाली. अडते ते बाबांचंच. त्यांले समजाव.

मंजू


सावरघाट
१९ जुलै

ताई,

तू ओळखतेच तं लपवून काय फायदा. गोदड्या बांधल्या होत्या, पण पाऊस आला अन् मावशीनं सोडल्या. पेटी बांधली नाही.

बोरीत मोटर आहे. डोंग्याची. मी मालवणले आठ महिने एका बोटीवर होतो ना, त्या मालकानं नवी मशीन घेतली अन् जुनी मले देऊन टाकली. समुद्रात तिले खेळणं म्हणत. इथं ती ट्रॅक्टर आहे. गोंदियापर्यंत रेल्वेनं आणली. टीसीनं विचारलं तं सांगितलं पंखा आहे. खोटं नाही, खाली पंखाच असते तिले.

मी काही ठरवून आणली नव्हती. पण मावसाजीचं तोंड पाह्यलं अन् डोक्यात आलं. वल्हं मारायले दोन हात लागतात. मोटर चालवायले एक पुरते, अन् मावसाजीचा डावा हात एकदम मजबूत आहे. परवा त्या हातानं त्यांनी माझा कान धरला होता.

पण अडचण अशी की मोटर बसवायले मागं सपाट फळी पाहिजे. समुद्रातल्या बोटीले असते. आपला डोंगा दोन्ही टोकांनी निमुळता, वालाच्या शेंगेसारखा. मोटर लावायची कुठं? मग एकच उपाय, ब्रॅकेट. शेपटीकडं दोन लोखंडी पट्ट्या डोंग्यावर आडव्या कसायच्या, त्या डाव्या बाजूनं हातभर बाहेर काढायच्या, अन् त्यांवर जाड फळी उभी बसवायची. त्या फळीले मोटर. डाव्या बाजूनंच, कारण हात डावा.

मावसाजी ऐकून म्हणे, "माझ्या डोंग्याले भोक पाडशीन तं मी तुले पाडीन." दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मावशी भाकरी थापता थापता बोलली, "डॉक्टरनं तुमच्या खांद्यात तीनदा सुई टोचली, तुम्ही फुटले का?" मावसाजी जेवले. मग हात धुता धुता म्हणे, "कर. पण मी तिकडं पाहणार नाही."

आता माप घ्यायचं तं डोंगा पालथा. बंदीत तो पालथाच राहते, हे तुले सांगायले नको. मी म्हटलं दोन मिनिटं सुलटा करू, तं मावसाजी अंगावर आले. मासळीच्या पोटात अंडी आहे तोवर डोंग्याचंही तोंड खाली. सोळा तारखेच्या सकाळीच उठवायचा, त्याआधी सुलटा करायचाच नाही. मग काय, मी चिखलात पाठीवर झोपून खालून माप घेतलं. डोंग्याखाली एक बेडूक राहते, त्याची अन् माझी ओळख झाली. त्याच्याबद्दल पुढच्या वेळी लिहितो.

सोबतची चिटकवलेली चिठ्ठी लोकेश जिजाजीले देजो. मरदांची गोष्ट आहे, उघडू नको.

पियुष


भरवेली
२३ जुलै

पियुष,

भाताच्या शितानं चिटकवलेली चिठ्ठी भरवेलीत उघडत नाही असं तुले वाटलं काय? उघडली. पट्टी किती इंच, वाक किती, भोक कुठं, अन् खाली लिहिलेलं, "जिजाजी, ताईले सांगू नका, ती सामानाच्या मागं लागली आहे."

पियुष, तुले गंमत वाटते. तू तेव्हा मालवणले होता. मागच्या नोव्हेंबरात बाबांचा हात तलावाच्या मधातच अडकला, अन् वाऱ्यानं डोंगा पलीकडच्या जंगलाच्या काठाले नेला. आई इकडं काठावर उभी, सकाळपासून दुपारपर्यंत. शेवटी पुनारामनं जाऊन आणलं. बाबा हसत उतरले. आई घरी जाऊन चुलीपुढं बसली अन् चूल पेटवलीच नाही. मी त्या दिवशी ठरवलं की यांना तिथं ठेवायचं नाही. मोटर लावल्यानं माणूस एकटा जायचा थांबत नाही. अजून दूर जाते.

चिठ्ठी मी चुलीत टाकणार होती. पण तुझ्या जिजाजीनं हातातून घेतली, तीनदा वाचली, अन् म्हणे, "पोट्ट्यानं माप बरोबर काढलं." मग जेवण सोडून कागदावर रेघा मारत बसले. मी बोलली नाही त्यांच्याशी. तुझ्याशीही बोलत नाही, हे फक्त लिहून राह्यली.

मंजू

खाली मी, लोकेश : पट्टी आपल्या ओळखीच्या दुकानात जोडून घेतो, आठ दिवस दे. उताराप्रमाणं वाकवतो, म्हणजे डोंग्याले चिपकून बसेल. दोन बोल्ट जास्तीचे टाकीन. कसताना लाकूड करकर बोललं की थांब. लोखंडाचं ऐकू नको, लाकडाचं ऐक. मंजूचं मनावर घेऊ नको.


सावरघाट
४ ऑगस्ट

ताई, जिजाजी,

ब्रॅकेट आलं. प्रेमलाल त्याचं तिकीट मागत होता, मी म्हटलं ते बसलं कुठं होतं, उभंच आलं ना. सोडून देलं.

जिजाजी, काय काम केलं बाप्पा! एकदम फिट. मी बाबूलाल सुताराचं हातानं फिरवायचं गिरमिट आणलं, कारण लाइट इथं पाहुण्यासारखी येते. पहिलं भोक पाडलं तं लाकडातून कोंडा निघाला. कोंडा म्हणजे अगदी गव्हाचा. इतकी जुनी फळी मोटरचं वजन धरणार नाही. मग चार बोटं पुढं सरकलो, जिथं आतून आधाराचा जाड बाक आहे, तिथं गिरमिट घातलं तं लाल लाल भुसा निघाला, सागाचा वास आला. वाचलो. आतून सागाचा तुकडा लावला, म्हणजे बोल्ट फळीतून ओढून बाहेर नाही यायचा. भोकात कापूस अन् डांबर भरलं. कोंडा निघाला ते भोकही बुजवलं, मावसाजीले सांगायचं नाही. कसताना लाकूड बोललं, मी थांबलो.

सगळं झोपूनच केलं. डोंग्याची शेपटी दगडांवर अजून उचलली, तवा कुठं ब्रॅकेटची फळी खाली मावली. मावशी रोज दुपारी भात तिथंच आणून द्यायची. ताट ठेवायची, वाकून पाहायची, अन् जायची. मावसाजीनं मात्र शब्द पाळला. डोंग्याकडं पाठ करून जाळं विणतात.

मोटर ड्रमात पाणी भरून चालवून पाह्यली. मी अकरा वेळा दोरी ओढली. मावशी कोंबड्यांले दाणे टाकून राह्यली होती, म्हणे, "मले पाहू दे." दुसऱ्या झटक्यात चालू! सगळ्या कोंबड्या छपरावर. आता रोज संध्याकाळी ती दोनदा चालू करते, बंद करते. म्हणे, पाहून राह्यली मशीन बिघडली तं नाही.

हां, तो बेडूक. जाऊ दे, कागद संपला.

पियुष


भरवेली
९ ऑगस्ट

पियुष,

ठीक आहे. बाबांले जायचं आहे तं जाऊ दे. मी भांडून थकली. पण आईले तरी घेऊन ये. काठावर उभं राहून वाट पाहायचं तिचं वय आहे का? ती तं हौच म्हणते नेहमी. सतरा तारखेच्या बसनं तिले बसवून दे, मी स्टँडवर राहीन. एवढं एक काम माझं कर.

मंजू


सावरघाट
१७ ऑगस्ट

मंजूताई,

आज बसमधून मावशी उतरली नाही, हे पत्र उतरलं. रागावशीन. पण पूर्ण वाच.

काल सकाळी सात वाजता आम्ही दहा-बारा जण जमलो. समितीचे सचिव खुर्ची टाकून बसले, मांडीवर रजिस्टर. पुनाराम नवीन शर्ट घालून आलता. मावशीच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. सगळ्यांनी मिळून डोंगा उचलला, "हौ! हौ!" करत सुलटा केला, पाण्यात ढकलला. मावशीनं त्याच्या डोक्याले कुंकू लावलं. मी मोठ्या तोऱ्यात मोटर ब्रॅकेटवर चढवली, कसली, दोरीनं बांधली. मागं होऊन पाह्यलं.

मोटर उजवीकडं.

ताई, माझ्या पायाखालचा चिखल सरकला. पालथा माणूस झोपला असन तं त्याचा डावा हात कोणत्या बाजूले येते? मी पालथ्या डोंग्याची डावी बाजू धरली. सुलटा झाला तं तीच उजवी. महिनाभर झोपून काम केलं, अन् एकदाही डोक्यात आलं नाही.

मावसाजी शेपटीत जाऊन बसले. उजवा हात मोटरच्या दांड्यापर्यंत नेला, दोरी ओढायले गेले, अन् तोंड कसंतरी झालं त्यांचं. डावा हात आडवा घालून पाह्यला, पुरत नाही. पुनाराम म्हणे, "वा रे इंजिनियर! डावखुऱ्यासाठी उजवी मोटर!" मी म्हटलं, आत्ता काढतो अन् तिकडं लावतो. पण जिजाजीनं पट्ट्या त्याच बाजूच्या उतारावर वाकवल्या, दुसरीकडं बसतच नाही. अन् मावसाजी म्हणे, "अजून चार भोकं? डोंगा आहे का चाळणी?"

मी म्हटलं, मग मी चालवतो. मावसाजी म्हणे, "तू? रस्त्यानं बस दिसली की तू अर्धा त्यात बसलेला असते." मले राग यायले पाहिजे होता. आला नाही, कारण तेव्हाच बसचा हॉर्न वाजला अन् मी वळून पाह्यलं. सचिव मावसाजीकडं पाहून म्हणे, "बाहेरचा चालणार नाही. नाववाला नाही तं त्याच्या घरचं माणूस पाहिजे डोंग्यात. भैयालाल, काय करता? लिहू का नाही म्हणून?" पेन उघडला त्यानं.

मावशीनं ताट दगडावर ठेवलं. काष्टा खोचला. पाण्यात उतरली अन् मावसाजीले म्हणे, "सरका समोर."

"अव, तू कुठं?"

"सरका तं."

पुनाराम हसला. "बाई चालवीन काय मशीन?"

मावशी म्हणे, "घरचंच माणूस पाहिजे ना? मी काय शेजारचं हाव?"

मावसाजी समोर सरकले. काहून सरकले त्यांलेही समजलं नसन. मावशीनं उजव्या हातानं दोरी ओढली. पहिल्यांदा नुसती फुसकन. दुसऱ्यांदा लागली! डोंगा असा निघाला की मावसाजीची टोपी पाण्यात. टोपी घ्यायले मावशीनं डोंगा गोल फिरवून आणला, अन् त्यांनी वाकून डाव्या हातानं उचलली. काठावर माणसं शिट्ट्या मारत होती. सचिवानं नाव लिहिलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घालून पाह्यलं, बरोबर लिहिलं आहे.

अकरा वाजता परत आले. जाळं सोडायले डावा हात पुरते. पाच रोहू, दोन कतला, अन् एक मरळ, माझ्या हाताएवढी. मावसाजी आता सगळ्यांले सांगून राह्यले, माझ्या भाच्यानं मुद्दाम उजवीकडं लावली.

चूक माझीच, मी कबूल करतो. मावशीले तुले काही सांगायचं आहे. ते वेगळ्या कागदावर, ती सांगते अन् मी लिहितो.

पियुष


सावरघाट
१७ ऑगस्ट

मंजू बेटा,

पियुष लिहून राह्यला. तो मधात आपलं घुसवते, ते वाचू नको. (मी नाही घुसवत.)

तू चार वेळा विचारलं, मी चार वेळा हौ म्हणाली. तू एवढ्या मनानं बोलावते, नाही कसं म्हणू? हौ म्हणणं सोपं होतं. पण मले यायचं नाही बाई. तुझी खोली चांगली आहे, जावई चांगले आहे. तिथं मी दिवसभर काय करू? तुझ्या बाबानं अडवून ठेवलं म्हणते, तं मले कोणी अडवून नाही ठेवलं.

लग्न झालं तवा मीच वल्हं मारायची अन् तुझा बाबा जाळं सोडायचा. तू पोटात आली, मग मी काठावर राह्यली. तेव्हाची काठावरच आहे.

अजून एक. पियुष गिरमिट फिरवत होता, तवा मी भात घेऊन गेली. भोक कोणत्या बाजूले पडून राह्यलं, ते मले दिसलं. इतकी वर्षं डोंगा पालथा पाह्यला मी, मले नाही समजणार? (मावशी!!!) बोलली नाही. ताट ठेवलं अन् आली. डावीकडं लागली असती तं तो एकटा गेला असता, अन् मी पुन्हा काठावर उभी. नोव्हेंबरासारखी.

तुझ्या बाबाले सांगू नको. पियुषले आत्ता समजलं, त्याचं तोंड उघडंच आहे.

रागावली असशीन तं ये, इथं येऊन रागाव.

तुझी आई
शेवंता


भरवेली
२५ ऑगस्ट

पियुष,

हे पत्र लांजीले तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकून राह्यली. मी सावरघाटले गेली तं बाबा म्हणे, तू तीन दिवस आधीच गेला. कुठं, ते कोणालेच धड माहीत नाही. आई म्हणे लांजी, बाबा म्हणे समुद्र. जिथं असशीन तिथून लिही. तुझे जिजाजी विचारत होते की फळी पाण्यानं फुगली तं नाही. मी पाह्यली, नाही फुगली. बोल्टही एक एक हलवून पाह्यला. त्यांले सांगितलं तं दिवसभर खूश होते.

मी भांडायलेच गेली होती. बसमध्ये सगळं ठरवलं होतं, आधी आईले काय बोलायचं, मग बाबांले. काठावर पोहोचली तं दोघंही निघण्याच्या तयारीत. आई म्हणे, "भांडायचं असन तं चढ, आमले उशीर होऊन राह्यला." चढली. चप्पल हातात घेऊन मधात बसली, पाहुण्यासारखी.

बाबा समोर, आई मागं. दोघं एक शब्द बोलत नव्हते. बाबा नुसतं बोट दाखवायचे, कधी तेही नाही, मान हलवायचे, अन् डोंगा तिकडं वळायचा. घरी तं मिठावरूनही भांडतात हे दोघं. मधात जाऊन बाबांनी जाळं सोडायले सुरुवात केली. एवढ्या पाण्यात मी कधी गेलीच नव्हती. मले आईनंच जाऊ नाही देलं लहानपणी.

मी वळून विचारलं, "आई, तुले भेव नाही लागत इथं?"

ती माझ्याकडं पाहत नव्हती. म्हणे, "बोलू नको मंजू. इथं पाण्याखाली कापलेल्या झाडाचं ठुंठ आहे."

तिनं मोटर बंद केली, दोन्ही हातांनी वर उचलून धरली, अन् डोंगा आपोआप ठुंठावरून सरकत गेला. बाबा समोर जाळं सोडतच होते. त्यांनी मागं वळून पाह्यलंही नाही.

मंजूताई